तुम्ही रडकीच पुस्तकं का देता?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि या महिन्यात पुस्तक परत करताना आणखी दोघींनी तेच विचारलं म्हणून, आज एकदाचं नीट उत्तर देते. वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या वेळेत जमत नाही. मागे रांग असते, कुणाची वर्गणीची पावती राहिलेली असते, मग मी "पुढच्या वेळी हलकंफुलकं देते हं" म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. मिटत नाही खरं तर. घरी जाईपर्यंत डोक्यात घोळत राहतो.

आपल्या वाचनालयात सगळ्यात जास्त फिरणाऱ्या कादंबऱ्या कोणत्या, ते मी न बघता सांगू शकते. 'मृत्युंजय'ची बांधणी सुटते, शेवटची पानं गळतात, मग नवी प्रत घ्यावी लागते. 1967 सालची कादंबरी, पण आजही दहावी झालेला मुलगा पहिली तीच मागतो. तिचा शेवट काय आहे? रथाचं चाक रुतलेलं असताना कर्ण मारला जातो. 'स्वामी'मध्ये सत्ताविशीतला पेशवा थेऊरला क्षयाने जातो आणि रमाबाई सती जातात. 'पानिपत' उघडायच्या आधीच आपण हरणार हे ठाऊक असतं. 'रणांगण' घ्या, 1939 सालची, दोन संध्याकाळींत संपणारी. बोटीवर प्रेम जमतं आणि ती मुलगी समुद्रात उडी घेते. यांतलं एकही पुस्तक 'रडकं आहे' म्हणून कुणी माझ्या टेबलावर परत ठेवलेलं नाही. उलट "काय लिहिलंय हो!" म्हणत डोळे पुसून परत केलं आहे.

आणि गरिबाघरच्या कादंबऱ्या, 'धग' दिली, 'पाचोळा' दिली, 'बारोमास' दिली, की दोन दिवसांत परत. "मॅडम, काहीतरी चांगलं द्या ना."

म्हणजे तुमची तक्रार रडण्याबद्दल नाही. कुणाच्या घरातलं रडणं, याबद्दल आहे. वाड्यातलं मरण तुम्हाला चालतं. शिंप्याच्या घरातली उपासमार, शिकून घरी बसलेला शेतकऱ्याचा पोरगा चालत नाही, कारण तो पोरगा पुस्तक मिटल्यावर समोरच्या पानठेल्यावर उभा दिसतो. हे मी रागाने म्हणते आहे, मला माहीत आहे. पण खोटं बोलत नाही.

तरी एवढ्यावर भागत नाही. तुमच्यातल्या एकीने मला सांगितलं होतं, "दिवसभर मी तेच बघते. रात्री अर्धा तास मिळतो. तो अर्धा तास मला शनिवारवाड्यात जाऊ द्या." याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. आजही नाही. तिला मी 'स्वामी' दिली आणि मनापासून दिली.

आता ती गोष्ट, जी तुमच्यातल्या काहींनी समोर घडताना पाहिली आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी ऐकली. तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही.

एक मावशी यायच्या. ब्लाउज शिवणं, फॉल-पिको, त्याच्यावर घर चालवलेलं. नवरा बरीच वर्षं आजारी होता, मग गेला. मुलाला शिकवलं, तो पुण्याला चांगल्या नोकरीला लागला. तेव्हा कुठे त्यांनी वाचनालयाचं कार्ड काढलं. पहिले काही महिने मासिकं नेली. एक दिवस म्हणाल्या, "बाई, आता मोठं पुस्तक द्या. पण माह्यासारख्या माणसाचं द्या, राजा-राणीचं नको." मी 'धग' दिली. उद्धव शेळक्यांची, 1960 सालची, आपल्याच वऱ्हाडातली. कौतिक नावाची बाई, तिचा शिंपी नवरा महादेव, घरात काही टिकत नाही आणि ही एकटी सगळा संसार ओढते.

मावशी पानं दुमडायच्या नाहीत. खूण म्हणून अस्तराच्या कापडाची बारीक कातरण घालायच्या. पुस्तक परत आलं की एखादी आत राहून गेलेली असायची, पिवळी, जांभळी. 'धग' त्यांनी परत केली, नवी तारीख मारून घेतली आणि पुन्हा नेली. तेव्हा म्हणाल्या, "मले वाटे मीच एकली होय. हे तं माह्याहून खंबीर निंगाली." काउंटरवर कोपर टेकून बोलत होत्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती.

दिवाळीला मुलगा आला. वाचनालयात आला तो पुस्तक हातात घेऊनच. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शेवटची पानं उघडली, पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, हे तुम्ही वाचलंय?" मी हो म्हटलं. "मग नवऱ्याला महारोग होतो, बाई शेवटी मरते, हे माहीत असून दिलंत?" वाचनकक्षातल्या लोकांनी पेपर खाली घेतले. "मी तिला या सगळ्यातून बाहेर काढलंय. पुण्याला घर घेतलंय. ती येत नाही म्हणते. रात्री उठून पाहिलं तर दिवा लावून हे वाचत रडत होती. तुम्ही तिला परत त्याच घरात नेऊन बसवलंत."

मी म्हटलं, त्यांनीच मागितलं होतं. तो म्हणाला, "मागितलं म्हणून द्यायचं?"

त्याने रात्रीतून ती अख्खी वाचून काढली असणार, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. तो तिच्याबद्दल बोलत होता, पण त्या घरात वाढलेलं पोर तोही होता. मला त्याचा राग यायला हवा होता, सगळ्यांसमोर माझी शोभा झाली होती. राग आला नाही. मी पुस्तक जमा करून घेतलं, कार्डावरची नोंद खोडली. तो गेल्यावर पुस्तक चाळलं तर हिरवी कातरण मध्यावर होती. तिथे महादेव अजून आजारी पडायचा होता, कौतिकच्या अंगात अजून बळ होतं. दुसऱ्यांदा वाचताना मावशी तिथे थांबल्या होत्या, की तिथून पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं गेलं होतं, हे मला कधीच कळणार नाही.

मावशी त्यानंतर आल्या नाहीत. कार्ड शेजारच्या मुलीबरोबर यायचं, मासिकं जायची. पुढे कार्ड बंद झालं. त्या पुण्याला गेल्या एवढं कळलं.

त्या आठवड्यात आमच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्याने सुचवलं, की अशी पुस्तकं वेगळ्या कपाटात ठेवा, ज्याला हवं तो मागून घेईल. मी विचारलं, मग 'मृत्युंजय'ही त्याच कपाटात ठेवू का? त्यावर कुणी काही बोललं नाही. कपाट झालं नाही.

या नोकरीत नवी लागले तेव्हा माझी पक्की समजूत होती, की वाचकाला पायरी-पायरीने वर न्यायचं असतं. बाबा कदमांच्या रंजक कादंबऱ्यांपासून सुरुवात, मग 'स्वामी'वाले रणजित देसाई, मग 'बनगरवाडी'वाले माडगूळकर आणि शेवटी नेमाड्यांची 'कोसला'. जो चाळीस पानांत 'कोसला' परत करायचा, त्याची मला कीव यायची. आज मला तसं वाटत नाही. बाबा कदमांची कादंबरी एका बसणीत संपवणारा माणूस काही खालच्या पायरीवर उभा नसतो. सासऱ्यांच्या डायलिसिसच्या दिवसांत दवाखान्यातल्या बाकावर बसून नारायण धारपांच्या भयकथा वाचणारी मुलगी मी पाहिली आहे. तिला त्या वेळी तेच हवं होतं, आणि मी तिला एकामागून एक देत गेले.

पण ती जुनी मी माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू आता घाबरतेस. 'धग'कडे हात गेला की आधी समोरच्या बाईचा चेहरा बघतेस, घरी कोण असेल याचा अंदाज घेतेस, आणि मग 'बनगरवाडी' काढून देतेस. ती बरोबर बोलते. 'बनगरवाडी'तही दुष्काळ पडतो, वाडी उठते. पण तो तरुण मास्तर, ती मेंढरं, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम, यामुळे लोक ती हसऱ्या चेहऱ्याने परत करतात. मी ती देते कारण ती फार चांगली कादंबरी आहे, आणि ती दिल्यावर कुणाचा मुलगा येऊन मला काही विचारणार नाही म्हणूनही देते. दोन्ही खरं आहे.

आणि एक सांगते, यात माझा दोष नाही. खरोखर हसवणारी मराठी कादंबरी शोधायला गेलं तर फळी लवकर संपते. आपण हसलो ते चिं. वि. जोशींच्या चिमणरावाबरोबर, पुलंबरोबर, आणि ते बहुतेक कथांत आणि लेखांत. म्हणून "हसायचंय" असं कुणी स्पष्ट म्हटलं तर मी कादंबऱ्यांच्या रॅककडे जातच नाही, पलीकडे नेते. पण तुम्ही तसं म्हणत नाही. तुम्ही म्हणता "काहीतरी चांगलं द्या." मग चांगलं काय, हे मी माझ्या वाचण्यावरून ठरवते. दुसरं कशावरून ठरवणार?

त्या मुलाचं म्हणणं चूक होतं असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मावशींनी ते पुस्तक दुसऱ्यांदा मागून नेलं होतं, हेही मला विसरता येत नाही. रडणारा माणूस बुडतो आहे की मोकळा होतो आहे, हे काउंटरच्या या बाजूने ओळखू येत नाही. कदाचित शेजारच्या खोलीतून बघणाऱ्या मुलालाही येत नसेल.

तेव्हा यापुढे असं करू. तुम्ही विचारा, "हे दुःखी आहे का?" मी खरं ते सांगेन, शेवटासकट हवं असेल तर शेवटासकट. 'धग' कादंबऱ्यांच्या रॅकमध्ये नेहमीच्या जागी आहे. मागितलीत तर देईन. मागायच्या आधी मी हातात ठेवेन की नाही, हे त्या दिवशी समोर कोण उभं आहे त्यावर ठरेल, आणि ते ठरवण्याचा हक्क मी सोडणार नाही.