साल तशीच राहू द्या

कुकरमध्ये न्जाही शिजतेय आणि शिट्ट्या मोजणं मी कधीच सोडून दिलंय. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटरवर. इथं पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळायला लागतं, आणि कडधान्यं त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

न्जाही म्हणजे काळे तुळतुळीत दाणे, कडेला पांढरी रेघ. सिटी पार्क मार्केटातली मामा (इथं बाईला मामा म्हणतात) ते गोरोगोरोनं मापून देते. गोरोगोरो म्हणजे तुपातेलाचा रिकामा डबा, दोनेक किलो मावतील असा. ती रेघ बघितली की कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. वालच हे. पीक मूळचं आफ्रिकेतलं, आपल्याकडे येऊन हजारो वर्षं झाली, एवढंच.

वालाशी माझं भांडण सोलण्यावरून. अलिबागला आजोळी श्रावणी सोमवारी बिरडं ठरलेलं. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकून परात पडवीत यायची आणि आम्हा मुलींना भोवती बसवलं जायचं. मुलगे कुठे असायचे कोण जाणे. दाणा दोन बोटांत दाबला की सालीतून सुटून थेट तुळशीपर्यंत जायचा. डाळिंबी मोडली तर आजीला न बघताच कळायचं. "मोडलेल्या वेगळ्या वाटीत टाक गो!" त्या वाटीचं पुढं काय व्हायचं ते शेवटपर्यंत समजलं नाही, कारण पानात सगळ्या एकत्रच यायच्या.

इथं साल कुणी काढत नाही. पहिल्या उकळीचं काळं पाणी फेकायचं, नवं घालायचं, संपलं. हे बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा राग. इतकी वर्षं बोटं सुरकुतवली ती कशासाठी?

आमच्या आजीच्या हिशेबात वाल वातूळ, बाळंतिणीला तर वासही नको. किकुयू हा इथला एक समाज, त्यांच्या घरात नेमकं उलटं. ओल्या बाळंतिणीला दूध यावं म्हणून आधी न्जाही. या दोघींना समोरासमोर बसवायला हवं होतं.

मार्च ते मेच्या मोठ्या पावसालाच किकुयू लोक न्जाहीचा पाऊस म्हणतात. ओल दोन्यो साबुक या डोंगराचं त्यांचं नाव किआ-न्जाही. एवढा मान असलेलं पीक, पण इंग्रजांच्या शेतीखात्याला निर्यातीला चालणारा घेवडा हवा होता, आणि न्जाही मागं पडत गेली. ती लावायच्या, साठवायच्या, विकायच्या बायका. त्यांना विचारतो कोण? आज बाजारात तीच इतर घेवड्यांपेक्षा महाग मिळते.

मी कांदा, टोमॅटो, गाजर, वरून कोथिंबीर अशी रस्सेदार करते, चपातीबरोबर. नैरोबीत सगळे तशीच खातात. जुनी पद्धत वेगळी: उकडलेली न्जाही बटाट्याबरोबर घोटायची आणि त्यात पिकलं केळं. ऐकून तोंड वाकडं करू नका, बिरड्यात गूळ आपणच घालतो. कडवटपणा मारायला काहीतरी गोड हवंच.

आज केळं घालून बघावं म्हणत होते. पण घरात एकच उरलंय, आणि धाकट्यानं ते शिकरणीसाठी राखून ठेवलंय.