साठ एमबी रिकामे, तरी चार एमबी मिळेनात

काटोल रोडवरच्या पॅकिंग शेडमधल्या संत्रा-प्रतवारीच्या यंत्राचा कॅमेरा दुपारी उठत नाही, अशी तक्रार आली. मार्चअखेरचे नागपुरी ऊन, वर पत्रे. "साहेब, बोर्ड तापून राहिला," हे निदान ऑपरेटरने करूनच ठेवले होते. पण सकाळी सुरू केलेला कॅमेरा त्याच उन्हात दिवसभर चालायचा. अडायचा तो केबल काढून लावल्यावर, ड्रायव्हरचे मोड्यूल (कर्नलमध्ये हवे तेव्हा घालता-काढता येणारा भाग) पुन्हा लोड करताना. बोर्डाची वीज बंद-चालू केली, की तापलेल्या अवस्थेतही लगेच उठायचा. म्हणजे उष्णतेचा संबंध नाही.

लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये ओळ होती: पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर 10. म्हणजे दोनचा दहावा घात, 1024 सलग पाने मागितली आणि मिळाली नाहीत.

आता हिशेब. 1920 गुणिले 1080, दर पिक्सेलला 2 बाइट, म्हणजे एक फ्रेम 41,47,200 बाइटची. कर्नल मेमरी 4 केबीच्या पानांत मोजतो; त्या हिशेबाने 1013 पाने. बडी अलोकेटर, म्हणजे कर्नलचा पाने वाटणारा भाग, दोनच्या घातातच देतो, म्हणून 1024 पानांचा सलग 4 एमबीचा तुकडा लागतो, आणि त्याच्याकडचा सर्वांत मोठा तुकडा तेवढाच. ड्रायव्हरला असे चार हवेत. बोर्डावर रॅम 256 एमबी, म्हणजे असे तुकडे सगळे मिळून 64. त्यांतल्या एखाद्यात स्लॅबचे (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या वस्तूंचे) किंवा पेज टेबलचे (पत्त्यांच्या नोंदींचे) एक न हलणारे पान बसले, की तो तुकडा बाद. दुपारी मोकळी मेमरी साठ एमबीच्या वर दिसत होती, पण प्रोकमधल्या बडीइन्फो फाइलचा शेवटचा रकाना, म्हणजे मोकळ्या 4 एमबी तुकड्यांचा आकडा, शून्य. कॅश रिकामी करून हाताने कॉम्पॅक्शन (हलणारी पाने सरकवून सलग जागा करणे) चालवले, तेव्हा तिथे 2 आले. चार हवे होते.

मग ड्रायव्हर मोड्यूलऐवजी कर्नलमध्येच बांधला. डिव्हाइस इनिटकॉलच्या वेळी, म्हणजे बूट होताना बिल्ट-इन ड्रायव्हर सुरू होतात तेव्हा, मेमरी कोरी असते, त्यामुळे हे पुरायला हवे होते. तरी अपयश कधीमधी येतच राहिले. इनिटकॉल डीबग लावल्यावर कळले, की कॅमेऱ्याच्या सेन्सरशी बोलणाऱ्या आयटूसी बसच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून मोड्यूलच होता. तो नसल्याने कॅमेरा ड्रायव्हरचा प्रोब (उपकरण ताब्यात घेऊन सुरू करण्याचे काम) पुढे ढकलला जाई आणि रूट फाइलसिस्टिम चढून सगळ्या सेवा उठल्यावर पुन्हा चाले. ड्रायव्हर बिल्ट-इन असला म्हणून त्याचे बफर लवकर मिळतात असे नाही; प्रोब खरोखर कधी पूर्ण होतो ते बघावे लागते.

हा क्रम टाळून बफर मिळवायची जागा एकच: सेटअप-आर्च, बूटच्या सुरुवातीला चालणारे कर्नलचे फंक्शन. तिथे बडी अजून जन्मालाच आलेला नसतो, मेमब्लॉक हा सुरुवातीचा साधा अलोकेटर कारभार पाहतो, आणि डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या) राखीव मेमरीचे नोड तेव्हाच वाचले जातात. उरलेली पाने नंतर बडीकडे जातात.

सीएमए, म्हणजे सलग मेमरीसाठी राखलेले पण एरवी इतरांनाही वापरता येणारे (रीयुजेबल) क्षेत्र, लावणे सोपे होते. पण रीयुजेबल क्षेत्रातली पाने मधल्या काळात इतरांना उसनी दिली जातात, आणि त्यांतले एखादे पिन झालेले (जागेवर अडकवलेले) असेल तर मागताना परत मिळत नाही. पट्टा चालू असताना हा जुगार नको, म्हणून शेअर्ड-डीएमए-पूल (उपकरणासाठी राखीव साठा) प्रकारचा 16 एमबीचा नोड नो-मॅपसह, म्हणजे कर्नलच्या नेहमीच्या वापराबाहेर, टाकला. 32-बिट आर्मवर रीयुजेबल नसलेला पूल नो-मॅप नसेल तर कर्नल सरळ नाकारतो. पत्ता पक्का न देता फक्त आकार आणि 4 एमबी अलाइनमेंट दिली, म्हणजे यू-बूट या बूटलोडरने इनिटआरडी (बूटवेळची तात्पुरती फाइलसिस्टिम) कुठे ठेवले त्याच्याशी टक्कर होत नाही.

एवढ्यानेही पहिल्या बूटला फरक पडला नाही. कॅमेरा नोडला मेमरी-रिजनने हा पूल जोडला होता, पण तो उपकरणाला लावून देणारे ओएफ-रिझर्व्ड-मेम-डिव्हाइस-इनिट हे फंक्शन ड्रायव्हर बोलावतच नव्हता. अशा वेळी कर्नल तक्रारही करत नाही; गुपचूप बडीकडूनच मागतो. ती एक ओळ प्रोबमध्ये, पहिल्या अलोकेशनच्या आधी घातल्यावर चारही बफर पूलमधून आले, आणि ड्रायव्हर परत मोड्यूल करून दुपारी कितीही वेळा काढून घातला तरी येत राहिले. 16 एमबी कायमचे गेले, तेवढी प्रतवारीच्या प्रोग्रॅमची चित्रांची रांग आखूड केली.