एल्कच्या पहिल्या शिकारीपूर्वी : व्हिसा, परवाना आणि रायफल

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला एल्क या मोठ्या हरणाची शिकार करता येते का, या प्रश्नाचे उत्तर ‘येते’ असे आहे आणि ते कायद्यातच लिहिलेले आहे. तरीही हे उत्तर बंदुकीच्या दुकानातल्या लोकांच्या गळी उतरवण्यात माझा गेल्या वर्षीचा जवळजवळ सगळा सप्टेंबर खर्ची पडला. डोंगर चढणे, थंडी, प्राण्याचा माग काढणे, यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. व्हिसावर असलेल्या माणसाने काउंटरसमोर काय करायचे हे मला कोणीच सांगितले नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझे एक ज्येष्ठ सहकारी दर वर्षी मीकर गावाजवळच्या फ्लॅट टॉप्सच्या पठारावर एल्कच्या शिकारीला जातात आणि वर्षभराचे मांस घरी आणतात. त्यांनी मला सोबत येण्याविषयी विचारले, तेव्हा मी लगेच होकार दिला. पुण्यात आईला सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न ‘अगं, हे कायद्याने चालतं का?’ असा होता, आणि तो अगदी स्वाभाविक होता, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या बातमीत भेटतो. इकडची घडी वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे कोलोरॅडोतले एल्क जवळपास संपत आले होते. मग शेजारच्या वायोमिंग राज्यातून कळप आणून येथे सोडण्यात आले आणि शिकारीवर कडक बंधने घातली गेली. आज अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत. त्यांच्या देखभालीचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या परवाना शुल्कातून आणि १९३७ च्या संघराज्य कायद्यानुसार रायफली व काडतुसांवर लागणाऱ्या करातून भागतो. हे समजून घेतल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही.

पहिले टप्पे सहज पार पडले. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यापूर्वी शिकारी-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ते मी उन्हाळ्यातच केले. सहा महिन्यांहून अधिक काळ राज्यात राहत असल्याने मला रहिवाशांच्या दराने परवाना मिळाला. बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला त्यासाठी कित्येक पट पैसे मोजावे लागतात, म्हणून रहिवासाचे पुरावे आधीच गोळा करून ठेवावेत. सोडत न लागता थेट विकत मिळणारा, ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होणाऱ्या दुसऱ्या रायफल हंगामाचा नर एल्कचा परवाना मी ऑगस्टमध्ये घेतला आणि रायफल घ्यायला शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले.

तिथेच गाडी अडली.

अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा संघराज्याचा अर्ज भरावा लागतो. तुम्ही नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी नसलेल्या, व्हिसावर देशात आला आहात का, असा एक प्रश्न त्यात आहे, आणि त्याच्या लगेच पुढे, तसे असल्यास तुम्ही अपवादात बसता का, हा दुसरा प्रश्न आहे. १९९८ पासून नॉन-इमिग्रंट व्हिसावरील व्यक्तीला बंदूक बाळगण्यास मनाई आहे. मात्र ज्या व्यक्तीजवळ अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना आहे, तिला ही मनाई लागू होत नाही. काउंटरवरच्या तरुणाने पहिल्या प्रश्नापुढे मी ‘होय’ लिहिलेले पाहिले आणि अर्ज बाजूला सारून ‘आम्ही व्हिसावाल्यांना विकत नाही’ असे सांगितले. दुसरा प्रश्न वाचून पाहा, एवढीच माझी विनंती होती. त्याने तो वाचला नाही. माझ्यामागे रांगेत उभे असलेले गृहस्थ माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले, ती मी अजून विसरलेले नाही.

व्यवस्थापकाला भेटण्याचा मी आग्रह धरला. त्याने दुसरा प्रश्न वाचला, माझा परवाना हातात घेतला आणि वेगळीच हरकत काढली. परवान्यावर हंगामाच्या तारखा छापलेल्या होत्या. त्याचे म्हणणे असे की हा परवाना हंगाम सुरू होईल त्या दिवशी वैध होईल, आज नाही, आणि अर्ज तर आजच्या तारखेचा आहे. म्हणजे रायफलीसाठी अर्ज करायचा तोच मुळी हंगामाच्या पहिल्या सकाळी! त्यात कोलोरॅडोमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून बंदूक ताब्यात देण्यापूर्वी किमान तीन दिवसांचा प्रतीक्षाकाळ सक्तीचा आहे, आणि पार्श्वभूमी-तपासणीला उशीर झाल्यास तो आणखी लांबतो. माझा हंगाम जेमतेम नऊ दिवसांचा होता. रायफल हाती आल्यावर तिची दुर्बीण जुळवायची, सराव करायचा आणि मग मीकरपर्यंत जायचे, एवढ्यात हंगाम उलटून गेला असता. सहकाऱ्यांची रायफल उसनी घेण्याचा मार्गही बंद होता, कारण मनाई केवळ खरेदीला नसून बंदूक बाळगण्याला आहे, आणि उसनी रायफल हातात घेणे हेही त्यातच मोडते. सरावाच्या मैदानावर मित्राने ‘जरा चालवून पाहा’ म्हणून पुढे केलेल्या रायफलीलासुद्धा हाच नियम लागू होतो. व्हिसावर असलेल्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण बंदुकीच्या गुन्ह्याचा परिणाम थेट देशाबाहेर घालवले जाण्यापर्यंत जाऊ शकतो.

मला त्या व्यवस्थापकाचा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. सावधगिरी मी समजू शकते. चुकीच्या माणसाला बंदूक विकली तर त्याचा विक्रीपरवाना जाऊ शकतो. परंतु अडचण काय आहे हे सांगून झाल्यावर तिच्यातून वाट कोणती, याचा एक शब्दही त्याने काढला नाही, आणि वाट तर होतीच. राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि लहान प्राण्यांच्या शिकारीचा वार्षिक परवाना घेण्यास सुचवले. ससे, खारी, रानकोंबडीसारखे पक्षी यांच्यासाठीचा हा परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असतो. एल्कच्या परवान्याच्या मानाने तो स्वस्तही आहे. तो जवळ असला की ‘आज वैध आहे का’ हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. शिवाय पुढच्या वसंतात मोठ्या प्राण्यांच्या सोडतीसाठी अर्ज करायचा झाला, तर त्याआधी जो एक पात्रता-परवाना घ्यावा लागतो, त्याचेही काम यानेच भागते. व्हिसावर असलेल्या प्रत्येक नवशिक्याने रायफलीच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी हा परवाना खिशात ठेवावा. या संपूर्ण लेखातले सर्वांत उपयोगी वाक्य हेच आहे.

नवा परवाना घेऊन मी त्याच दुकानात परत गेले, कारण मला हवी असलेली ३०-०६ बोअरची बोल्ट ॲक्शन रायफल तिथेच होती. या खेपेस हरकत नावावर आली. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे माझ्या पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात माझे आणि यजमानांचे अशी दोन्ही नावे एकत्र आहेत, आणि आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर, ती तशीच उतरली आहेत. ड्रायव्हिंग लायसन्सवर यजमानांचे नाव मधले नाव म्हणून वेगळे आहे. शिकारीच्या परवान्यावर त्याचे फक्त आद्याक्षर आहे. तीन कागद समोर मांडून व्यवस्थापक म्हणाला, ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत याची खात्री तो देऊ शकत नाही आणि मुख्य कार्यालयाला विचारावे लागेल. जन्मतारीख तिन्हींवर एकच होती, आडनाव एकच होते, ड्रायव्हिंग लायसन्सवर माझे छायाचित्र होते. मी विवाहाचे प्रमाणपत्रही पुढे केले. मुख्य कार्यालयाचे उत्तर येईपर्यंत थांबायला सांगण्यात आले आणि मी थांबले. दरम्यान अ‍ॅस्पेनची पाने पिवळी पडून गळू लागली, तरी उत्तर आले नाही.

अखेर सहकाऱ्यांनी मला डोंगराच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या गावातल्या दुकानात नेले. तिथल्या वयस्क मालकीणबाईंनी माझे कागद पाहून एकच प्रश्न विचारला : ड्रायव्हिंग लायसन्सवर नाव जसे आहे, तसेच अर्जावर लिहिले आहे का? होते. आय-९४ वरून त्यांनी फक्त प्रवेश क्रमांक अर्जावर लिहून घेतला, लहान शिकारीच्या परवान्याची प्रत काढून अर्जाला जोडली आणि तपासणीसाठी माहिती पाठवली. परदेशी नागरिकांची तपासणी लगेच होत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. मंजुरी आली, प्रतीक्षाकाळ संपला आणि रायफल माझ्या हातात आली, तेव्हा मला जो आनंद झाला तो पुढे डोंगरावर झालेल्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता. त्या बाईंकडे कायद्याचे वेगळे पुस्तक नव्हते. त्यांनी तेच पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले होते.

म्हणून सांगते : आय-९४ ची ताजी प्रत सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून छापून न्यावी. घर बदलले असेल तर ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचा पत्ता आहे ना हे आधी पाहावे. नसेल तर वाहन-नोंदणीसारखा सध्याच्या पत्त्याचा सरकारी कागद सोबत ठेवावा. आणि दुकानात जाण्यापूर्वी फोन करून, नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि शिकार परवाना या अपवादाखाली त्यांनी पूर्वी विक्री केली आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. उत्तर देणारा अडखळला तर दुसऱ्या दुकानाचा क्रमांक फिरवावा. अशा माणसाशी वाद घालण्यात जाणारे दिवस सरावातून वजा होतात.

सराव मात्र भरपूर हवा, आणि तो केवळ नेमबाजीचा नको. कळसूबाई हे आपले सर्वोच्च शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. डेन्व्हर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर वसले आहे आणि आमचा तळ त्याहूनही कितीतरी वर, साडेनऊ हजार फुटांच्या आसपास होता. तिथे पाठीवर ओझे घेऊन बर्फातून चढताना दर शंभर पावलांवर श्वास तुटतो, म्हणून शक्य असल्यास हंगाम सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीच वर जाऊन राहावे. शिकाऱ्याने घालायच्या नारिंगी कपड्यांविषयीही इथेच सांगते : रायफल हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झळाळता नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. ठिपक्याठिपक्यांचे नारिंगी कापड चालत नाही, रंग सलग हवा.

ऑक्टोबरअखेरीस एल्कचा माजाचा काळ सरलेला असतो. सप्टेंबरमध्ये घुमणारी नरांची ती लांबलचक शीळ तेव्हा क्वचितच ऐकू येते आणि जनावर स्प्रूस वृक्षांच्या दाट झाडीत दडून बसते. आम्ही पहाटेच्या अंधारात, वारा तोंडावर घेत, एका कुरणाच्या कडेला जाऊन बसत होतो. ज्या सकाळी नर दिसला, त्या सकाळी मी आधी रायफल उचलली नाही, दुर्बीण उचलली. राज्याच्या बहुतेक भागांत नराच्या एका तरी शिंगाला चार टोके असावी लागतात, किंवा कपाळाजवळचे पहिले टोक पाच इंच लांब असावे लागते. शिंगे मागच्या वाळक्या फांद्यांत मिसळून गेली होती. त्याने मान वळवली तेव्हा डाव्या शिंगाची टोके आकाशासमोर सुटी झाली. मी ती खालून वर मोजली, पुन्हा मोजली, आणि सहकाऱ्यांनी हलक्या आवाजात ‘पाच’ म्हटल्यावरच रायफल पिशवीवर टेकवली. गोळी खांद्यामागे लागली. तो थोडे अंतर चालून झाडीत शिरला. सहकाऱ्यांनी मला अर्धा तास जागेवरून हलू दिले नाही, आणि ते योग्यच होते, कारण घाईने मागे लागल्यास जखमी जनावर मैलभर दूर जाते. तो झाडीच्या काठावरच पडलेला होता.

त्यानंतरच्या कामाची कल्पना कोणी देत नाही. परवान्याला जोडलेली पट्टी तिथल्या तिथे वेगळी करून त्यावर सही आणि तारीख घालावी लागते. नर असल्याचा पुरावा मांसाबरोबर शाबूत ठेवावा लागतो. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. हाडासकट मागचा एक पाय पंचवीस-तीस किलोंचा भरतो. मांस लवकर थंड होणे सर्वांत महत्त्वाचे, म्हणून कातडी ताबडतोब उतरवून प्रत्येक तुकडा कापडी पिशवीत घालून सावलीत टांगायचा आणि मग खेपा घालायच्या. आम्ही रात्री उशिरापर्यंत वाहत होतो. धारदार सुऱ्या जादा न्याव्यात. एल्कच्या कातडीपुढे एका सुरीची धार टिकत नाही.

हरणांच्या कुळात पसरणाऱ्या, मेंदू पोखरणाऱ्या एका असाध्य रोगाची कोलोरॅडोत तपासणी होते. काही भागांत नमुना देणे सक्तीचे असते, बाकी ठिकाणी ऐच्छिक. ऐच्छिक असले तरी द्यावा, आणि अहवाल येईपर्यंत मांस खाऊ नये. आमचा अहवाल स्वच्छ आला. नियम, तारखा आणि शुल्क दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः वाचावी.

एक गोष्ट राहिली, आणि ती पुन्हा परवान्याचीच आहे. शिकार संपल्यावर रायफल घरातच असते, आणि व्हिसावरच्या माणसाला ती बाळगण्याची मुभा परवाना वैध असेतोवरच आहे. लहान शिकारीचा परवाना ३१ मार्चला संपतो, पण पुढच्या वर्षाचा १ मार्चपासूनच लागू होतो, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये खंड पडू न देण्यासाठी पूर्ण एक महिना मिळतो. मी यंदाचा परवाना मार्चच्या पहिल्याच आठवड्यात घेतला आणि त्याची प्रत रायफलीच्या तिजोरीत ठेवली आहे.