टॅकोचा काटा अखेर उठला

गाडीसाठी नवा डॅश स्वतः बनवतोय, त्यातल्या टॅकोची, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरची ही गोष्ट. काल संध्याकाळी चावी फिरवली, इंजिन लागलं आणि काटा सरळ ९००वर जाऊन बसला, रेस न करता! तीन शनिवार-रविवार गेले यात, पण तो काटा उठताना पाहिला आणि सगळं वसूल झालं.

गाडी तीच, १९८८ची फोक्सवॅगन टी-३ व्हॅन. मूळच्या पेट्रोल इंजिनाच्या (कोड डीजी) जागी फोक्सवॅगन गॉल्फचं १.९ लिटरचं टर्बो डिझेल (कोड एएझेड). डिझेलला इग्निशन कॉइल नाही, म्हणून टॅकोचा सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घेतलाय, तिथे फेऱ्यांच्या प्रमाणात पल्स मिळतात. तिथून पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणारी चिप), मग आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर, मग काटा फिरवणारी एक्स२७ स्टेपर मोटर. अल्टरनेटर १२ पोलचा, म्हणजे त्याच्या एका फेऱ्याला ६ पल्स. पुल्यांचं गुणोत्तर मोजलं ते २.४६. म्हणजे इंजिनाच्या फेऱ्याला १४.८ पल्स, आणि ९०० आरपीएमला २२२ हर्ट्झ यायला हवेत. येत होते शून्य. एकदा २०००च्या वर रेस केली की मात्र काटा जागा व्हायचा, आणि गाडी बंद करेपर्यंत बिनचूक चालायचा.

मी कोडच्या मागे लागलो. ऑप्टोकपलर दोनदा बदलला. इंजिन मागे, डॅश पुढे, तेव्हा लांब वायरीत गडबड असेल म्हणून शील्डेड केबल नव्याने ओढली. त्यात भर म्हणजे स्प्लिट चार्ज रिलेही उशिरा ओढायचा, म्हणजे इंजिन चालू असताना व्हॅनमधल्या फ्रिज वगैरेच्या दुसऱ्या बॅटरीला चार्जिंग जोडणारा रिले. तो मी वेगळा बिघाड धरून बसलो होतो.

शेवटी सांगलीला काकांना फोन लावला. चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "चार्जिंगचा बल्ब आहे का काढलास?" काढला होता, नव्या डॅशमध्ये एलईडी लावलाय. "अरे, मग डायनामोला फील्ड कुठून मिळणार?"

झालं! बल्बमधून जाणारा करंटच रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. माझ्या एलईडीतून जेमतेम १० मिलीअँपिअर जात होते, आणि त्यातलेही रिलेची कॉइल खात होती, कारण तीही मी डी-प्लसवरच, म्हणजे चार्जिंगचा दिवा जोडतात त्या अल्टरनेटरच्या टर्मिनलवरच टांगली होती. इंजिन चालू असताना डी-प्लसला मीटर लावला तर ०.८ व्होल्ट. रेस केल्यावर १४.१. अल्टरनेटर झोपलेला, तर डब्ल्यूवर पल्स येणार कुठून?

एलईडीला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टाकला. सुमारे १८० मिलीअँपिअर मिळतात. चावी चालू पण इंजिन बंद असताना तो चांगलाच तापतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, पॅनेलपासून लांब बसवलाय. चार्जिंग सुरू झालं की दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, करंट जवळपास शून्य.

रिले मात्र डी-प्लसवर ठेवायचा नाही, हे आत्ता लिहितानाच पक्कं केलं. व्होल्टेज बघून ओढणारा रिले घेतो, म्हणजे डी-प्लसवर दिव्याशिवाय काही राहणार नाही. मूळ आराखड्यात नॅनोनेच रिले चालवायचा होता, तो बेत रद्द. डॅशचा मेंदू गोठला म्हणून फ्रिज बंद पडावा, हे मला नको.

डॅशचं पॅनेल थ्रीडी प्रिंटरवर एएसए प्लास्टिकचं छापलंय. पहिलं पीएलए प्लास्टिकचं होतं, काचेमागच्या उन्हात आठवड्यात वाकलं. आणि वायरींना टर्मिनल दाबून बसवायला रॅचेटचा क्रिम्पर घ्याच. स्वस्त चिमट्याने दाबलेले सहा टर्मिनल मी हाताने ओढले, त्यातले दोन निघून हातात आले.

आता टाकीतलं डिझेल दाखवणारा काटा. त्याला १० व्होल्टचा रेग्युलेटर लागतो. जुन्या क्लस्टरचा काढून वापरायचं ठरवलं होतं, पण टॅको इतका छान चालतोय की डिझेललाही स्टेपरच लावावा असं वाटायला लागलंय. सेंडरचे (टाकीतल्या पातळीच्या सेन्सरचे) ओहम रिकाम्या टाकीपासून पाच-पाच लिटरला मोजत जातो, उद्याच.