विमानसूचक डबा, नोंद चौथी: दोन उंच्यांचा घोळ

मागच्या नोंदीपर्यंत डबा बोलायला लागला होता. नव्याने येणाऱ्यांसाठी एका दमात सांगतो: रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्याला एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा रेडिओ), आणि विमानं आपली जागा नि उंची १०९० मेगाहर्ट्झवर सारखी सांगत असतात ते एडीएस-बी संदेश ऐकायचे. ड्रोनच्या आसपास विमान आलं की बझर वाजला पाहिजे. अँटेना घरीच केलेली, उभी तार ६९ मिलिमीटरची (पाव तरंगलांबी) आणि खाली ४५ अंशांत वाकवलेल्या चार काड्या. एक सांधा कच्चा राहिला होता, तो पुन्हा सोल्डर केल्यावर पल्ला एकदम वाढला.

बाकी सगळा वेळ खाल्ला तो उंचीने.

मी डबा घेऊन बसतो ते मैदान धावपट्टीच्या टोकापासून १३ किलोमीटरवर, उतरणाऱ्या विमानांच्या रेषेत आहे. तिथे ड्रोन काढत नाही, नुसता ऐकतो. उतरायचा मार्ग साधारण ३ अंशांचा, म्हणजे किलोमीटरला ५२ मीटर. धावपट्टीच्या टोकावरून विमान १५ मीटरवरून जातं, ते धरून माझ्या डोक्यावर ते ७०० मीटरच्या आसपास हवं. मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा करूनही पडद्यावर ८००. एखाददुसरं नाही, सगळीच विमानं.

दोन दिवस कोड उसवत बसलो. फुटांचे मीटर करताना कुठेतरी माती खाल्ली असणार, अशी खात्रीच होती. चूक निघाली हवेत. संदेशातली उंची ही दाबाची उंची असते, समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असं गृहीत धरून काढलेली. त्या दिवशी दाब होता १००१. जमिनीलगत एका हेक्टोपास्कलला सुमारे ८.३ मीटर, म्हणजे १२ ला १०० मीटर. हिशेब जुळला. उतरताना वैमानिक आपल्या उंचीमापकात त्या दिवसाचा दाब लावतो, त्याला बरोबरच दिसतं. संदेश मात्र १०१३.२५ सोडत नाही. आणि मेख अशी की कमी दाबाच्या दिवशी विमान असतं खाली आणि पडदा दाखवतो वर.

ड्रोनची तऱ्हा तिसरीच. त्याचा बॅरोमीटर उड्डाणाच्या जागेला शून्य मानतो, टेकडीवरून सोडला तर टेकडी शून्य. आपण ‘१२० मीटरच्या आत आहे ना’ म्हणून निश्चिंत राहतो, पण तो आकडा आणि विमानाचा आकडा एका जमिनीवरून मोजलेलेच नसतात.

उपाय निघाला तो हसू येईल इतका सोपा. डब्यात हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० सेन्सर बसवला. जमिनीवरच्या दाबाचीही त्याच १०१३.२५ च्या सूत्राने उंची काढायची आणि विमानाच्या उंचीतून वजा करायची. मैदानाची उंची आणि त्या दिवसाचा दाब दोन्ही एका वजाबाकीत गळून पडतात. सेन्सर १ हेक्टोपास्कल इकडेतिकडे धरा, संदेशातली उंची २५ फुटांच्या टप्प्यांनी येते, म्हणजे पंधरा-वीस मीटरची चूक गृहीतच. सकाळी आकडे ७०० च्या आसपास आले. भर दुपारी तेच ६६५. गरम हवा फुगलेली असते, त्यामुळे तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं आणि पडदा विमान थोडं खाली दाखवतो. ही चूक मी दुरुस्त करणार नाही, आपल्या सोयीची आहे.

एवढ्या वर ड्रोन कोण नेतं, असं वाटत असेल तर क्यूबेक आठवा. १२ ऑक्टोबर २०१७ ला तिथे उतरणाऱ्या किंग एअर विमानाला ड्रोन धडकला तो सुमारे २५०० फुटांवर, धावपट्टीपासून १३ किलोमीटरवर. माझ्या मैदानाएवढंच अंतर! विमान नीट उतरलं, आठही जण सुखरूप. ड्रोन सापडला नाही.

आता बझरचं अंतर. उतरणारं प्रवासी विमान १४० नॉट, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. माझा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) सेकंदाला ३ मीटरने उतरतो, १२० मीटर उतरायला ४० सेकंद. तेवढ्यात विमान २.९ किलोमीटर पुढे. त्यात मी दचकून स्टिक ओढेपर्यंतचे दहा सेकंद. बझर ३ किलोमीटरवर लावला होता, तो ६ वर नेला. वैमानिकाच्या नजरेवर भिस्त ठेवू नका: ३० सेंटिमीटरचा ड्रोन एक किलोमीटरवरून डोळ्याला एक कला (अंशाचा साठावा भाग) भरतो, तीही कुठे बघायचं ते माहीत असेल तर. विमानातली टक्करविरोधी यंत्रणा समोरच्याच्या ट्रान्सपॉन्डरशी (रेडिओवर उत्तर देणाऱ्या उपकरणाशी) बोलते आणि आपल्याकडे तो नसतो. ‘मग लाव की’ असं एकाने सुचवलं. अमेरिकेत लहान ड्रोनवर तो लावायला नियमानेच बंदी आहे, कारण हजारो ड्रोन बोलू लागले तर १०९० वर विमानांचाच आवाज बुडेल.

त्याच मित्राचा दुसरा प्रश्न: पक्षीही आपटतातच ना? आपटतात, पण पक्षी चेपतो. मोटर आणि बॅटरी चेपत नाहीत. डेटन विद्यापीठात २०१८ मध्ये ९५२ ग्रॅमचा फँटम ड्रोन ताशी ३८३ किलोमीटरने एका मूनी विमानाच्या पंखावर डागला. तो कडा फोडून आत घुसला आणि मुख्य स्पारला (पंखाच्या आतल्या कण्याला) लागला. वेग अवास्तव धरला म्हणून ड्रोनच्या कंपनीने हरकत घेतली. वेगाबद्दल वाद घालता येईल, पण मला त्या पंखाचं भोक विसरता येत नाही.

आरटीएचची (सिग्नल तुटल्यावर ड्रोनने आपोआप घरी परतण्याची) उंची १०० मीटरवरून ५० वर आणली. मागे एकदा झाडाआड सिग्नल तुटला आणि पठ्ठ्या घरी यायचं म्हणून आधी स्वतःहून शंभरीवर चढला. तेव्हा बझर जागा असूनही माझ्या हातात काहीच नव्हतं. मी ड्रोन उडवतो तिथली झाडं ५० ला सुटतात.

काल संध्याकाळी आवराआवर करताना पंख्यांचा आवाज आला. दक्षिणेकडून एक हेलिकॉप्टर बऱ्यापैकी खालून आलं आणि माझ्यावरून गेलं. पडदा कोरा. बझर गप्प. लॉग उघडून पाहिला, त्या पाच मिनिटांत त्या दिशेकडून जागा सांगणारा एकही संदेश नाही. सांधे तपासले, अँटेना ठीक आहे. त्याच वेळी ६० किलोमीटरवरची विमानं नीट येत होती. हेलिकॉप्टर आपली जागा सांगतच नव्हतं. पुढच्या वेळी मोड-एसचे (ट्रान्सपॉन्डरच्या उत्तरांचे) नुसते जागा नसलेले संदेश मोजून आणि त्यांचा जोर पाहून काही अंदाज बांधता येतो का ते बघतो.