उल्हासनगरला जीन्स आणायला जाताय? आधी स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं ते वाचा

गेल्या शनिवारी मी आणि मेव्हणा नाशिकहून उल्हासनगरला जीन्स आणायला गेलो होतो. राग निवला की निम्मं विसरायला होईल म्हणून लगेच लिहून टाकतोय.

ऑफिसमधल्या एकाने सांगितलेलं, "उल्हासनगर स्टेशनला उतर, समोरच मार्केट." त्या "समोरच" या एका शब्दाने आमचे दीड तास आणि २७० रुपये खाल्ले. सकाळच्या पंचवटीने कल्याण, तिथून बदलापूर लोकल, इथपर्यंत काही त्रास नाही. उतरलो आणि गर्दी जिकडे गेली तिकडे आम्हीपण, म्हणजे पश्चिमेला. हीच घोडचूक. उल्हासनगर म्हणजे पाच कॅम्प, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जिथे ठेवलं त्या लष्करी छावण्यांचं पुढे गाव झालं, आणि पत्ता अजूनही कॅम्प नंबरवरच चालतो. १, २, ३ रुळांच्या पश्चिमेला, ४ आणि ५ पूर्वेला. जीन्सचं काम कॅम्प ५ मध्ये. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

रिक्षावाल्याला नुसतं "कपडा मार्केट" म्हणालो, त्याने १२० घेऊन गजानन मार्केटला सोडलं. ते कॅम्प २. मार्केट मोठं आहे, बायकांच्या ड्रेसचा ढीग, पण आम्हाला हवं ते काहीच नाही. तिथून कॅम्प ५ ला यायला दुसऱ्याने १५० सांगितले, मेव्हणा घासाघीस करत राहिला, ऊन डोक्यावर, शेवटी मीच बस म्हणालो. संध्याकाळी तेच कॅम्प ५ ते पूर्वेकडचं स्टेशन शेअर रिक्षाने माणशी २० रुपयांत आलो तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. तेव्हा पूर्वेलाच उतरा आणि "कॅम्प पाच, जीन्स मार्केट" एवढंच बोला, बाकी शब्द खर्च करू नका.

आता माल. गल्ल्या अरुंद, वर शिलाईची मशीन घरघरतायत, खाली दुकान. बहुतेक होलसेल, ट्रायल रूम वगैरे विसरा. आणि सेटमध्येच देतात, म्हणजे २८ पासून ३६ पर्यंत एकेक नग. आमच्या घरात ३२ वाले तिघं, २८ चं कोण घालणार? सुटा पीस मागितला की पहिल्या दोन दुकानांनी तोंडच फिरवलं. तिसऱ्याने दिला, सेटच्या ५५० ऐवजी ७००. तरी आमच्याकडे तसल्याच कापडाला हजाराच्या वर जातात, म्हणून पटलं.

टेप नेलाच पाहिजे. घरची नीट बसणारी जीन्स सपाट पसरून कंबर, मांडी, मोहरी (पायाचा खालचा घेर) आणि आतली लांबी मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. लेबलवरच्या ३२ वर जाऊ नका, मी मोजलेल्या एका ३२ ची कंबर चक्क ३४ निघाली आणि दुकानदार म्हणे "कम्फर्ट फिट है."

प्रत्येकजण "एक्स्पोर्ट सरप्लस" (परदेशी पाठवायच्या मालातून उरलेलं) आणि "बारा औंस" म्हणतो. पहिलं सोडून द्या, "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा जोक इथलाच आहे. दुसरं हाताला कळतं. औंस म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन, १२ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. नाशिकच्या हवेला १० ते १२ पुरे, १४ घेतलीत तर मे महिन्यात मला आठवाल. लायक्रा एक-दोन टक्के ठीक, त्याहून जास्त ताणणारी असेल तर गुडघ्याला फुगा येतो.

मी काय करतो सांगतो. जीन्स उलटी करायची. खिशाचं अस्तर बोटात धरायचं, पारदर्शक दिसलं तर ठेवून द्यायची, कारण आधी खिसाच फाटतो. मग खिशाची टोकं आणि चेनच्या खालचा जोड बघायचा, तिथे दाट आडवी शिलाई म्हणजे बारटॅक हवा. आणि ओला पांढरा रुमाल मांडीवर दहा वेळा घासायचा. गडद जीन्सला थोडा निळा येणारच, ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यावर निळीचा रंग वरवर बसलेला असतो, आतून धागा पांढराच, म्हणूनच तर जीन्स विटते. पण रुमाल शाईत बुडवल्यासारखा झाला तर सोफ्याची चादर गेली समजा. (डेनिमवरून आठवलं, इंग्रजांनी उचललेला डंगरी (जाडंभरडं सुती कापड) हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. मेव्हण्याला पटत नव्हतं.)

एवढं करूनही एका नगात फसलो. न धुतलेली, कडक, गडद निळी, मेव्हण्याला फार आवडली. घरी एका धुण्यात डाव्या पायाची बाजूची शिवण फिरून नडगीवर आली. या कापडाची वीण तिरकी असते, धुतल्यावर पाय पिळतो, गिरणीत कापड आधीच थोडं तिरकं ओढून ठेवलं तर पिळत नाही. स्वस्त मालात ते राहून जातं आणि कोऱ्या जीन्सवर दिसत नाही. त्यामुळे माझं ठाम मत, इथे वॉश झालेलीच घ्या, काउंटरवर आडवी टाका, दोन्ही शिवणी खालपर्यंत सरळ जातायत का बघा. वॉशिंगचे बरेच कारखाने वालधुनी नदीच्या प्रदूषणापायी इथून उठले, माल बाहेरून धुऊन येतो, त्यामुळे एकाच लॉटमध्ये दोन शेड निघतात. दोन घेत असाल तर दारात उजेडात शेजारी शेजारी धरून बघा.

जेवायला दाल पकवान खाल्लं, भारी होतं. परतीचा प्रवास नेहमीसारखा.

एकूण सात नग, रिक्षाची लूट धरून ५,३०० रुपये पडले, सहा उत्तम निघाल्या. सातवी मेव्हणा हट्टाने घालतो आणि विचारलं की "फॅशन आहे" म्हणतो. रिक्षाच्या २७० मधले त्याचे १३५ अजून यायचेत.