आग, ठणका की कळ?

कॅन्सरसारख्या गंभीर आजारातल्या पेशंटचं दुखणं संमोहनाने हलकं करायचं, तर नुसतं ‘दुखतंय’ एवढ्यावर सूचना, म्हणजे संमोहनात मनावर ठसवायची कल्पना, बांधता येत नाही. आग होते, ठणकतं, सलतं की आवळल्यासारखं होतं, हे आधी पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे. आग होत असेल तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं तिथे ठेवलंय, ही कल्पना बसते. गारव्याने हाडं ठणकणाऱ्याला तेच फडकं दिलंत तर पंचाईत. त्याला उन्हात तापलेली गोधडी द्यायची.

वेळ साधायची ती मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची साधी (लगेच विरघळणारी) गोळी पोटात गेल्यावर पाऊण ते एक तासाने. ऐन कळेत लक्ष लागत नाही. संमोहन गोळीच्या जोडीला असतं, गोळीच्या जागी नाही. 15–20 मिनिटं पुरतात. फार थकलेल्या माणसाला 10च.

‘श्वासाकडे लक्ष द्या’ ही सवयीची सुरुवात धाप लागणाऱ्याला घाबरवते. त्याला तळहाताखालच्या चादरीची वीण चाचपायला सांगावं. डोळे मिटायची सक्ती नको. मग तोच हात हळूहळू बधिर होतोय असं सुचवायचं, आणि तो दुखऱ्या जागेवर टेकवून बधिरपणा तिथे उतरू द्यायचा.

‘आता दुखणार नाही’ हे वाक्य मात्र टाळाच. पुढच्या मिनिटाला दुखलं की तुमच्यावरचा भरवसा गेला. त्यापेक्षा ‘दुखणं आहे, पण पलीकडच्या खोलीत चालू असलेल्या रेडिओसारखं’ असं म्हणावं. हे बोलण्यापुरतं नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या मॉन्ट्रियलच्या प्रयोगात गरम पाण्यात हात बुडवलेल्यांना संमोहनात वेदनेचा त्रास कमी-जास्त होण्याच्या सूचना दिल्या. त्यानुसार मेंदूच्या अँटिरिअर सिंग्युलेट या, वेदनेच्या त्रासाशी जोडलेल्या भागातली हालचाल बदलली. स्पर्श आणि वेदना नोंदवणारा सोमॅटोसेन्सरी भाग जवळपास तसाच राहिला. म्हणजे कळ पोचते, ती छळते किती, ते बदलतं.

शेवटी अंगठा-तर्जनी जुळवण्याची खूण द्यायची, म्हणजे ती केली की हाच आराम पुन्हा आठवावा. ड्रेसिंगआधी किंवा कूस वळवण्याआधी पेशंट ती स्वतः वापरतो. नातेवाइकांनाही शिकवावी, कारण रात्री दोन वाजता तेच जवळ असतात.

पेशंट भ्रमात बरळत असेल, कुठे आहोत याचं भान नसेल, तर संमोहन नको. आणि कॅन्सरच्या पेशंटची पाठ नव्याने दुखू लागली, सोबत पाय लुळे पडताहेत किंवा लघवी अडते आहे, तर सूचना देत बसू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो; डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा.